मामाजींसमोर बोलायचं नाही

माझ्या मुलीला ऐकू येत नाही हे मला पोळ्याच्या दिवशी कळलं. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. ती तेव्हा सहा-सात महिन्यांची होती. वडनेरला आमचं घर अशा ठिकाणी की वेशीवरचं पोळ्याचं तोरण तुटलं की अख्ख्या गावचे बैल दारावरून जायचे. डफडी, फटाके, पोरांचा कल्ला, त्यात बुजलेल्या एखाद्या बैलामागे धावणारी माणसं. शेजारणीचं बाळ किंचाळून किंचाळून निळं पडलं. माझी पोर छपरीतल्या पाळण्यात झोपली होती ती झोपलीच. बाया कौतुकानं म्हणाल्या, किती गुणाची पोरगी हाय. मी तिला उचललं. ती जागी झाली, माझ्याकडे पाहून हसली, आणि मला तिचं ते हसू पाहवेना.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. आमच्या घरचे पोट्टे उशिराच बोलतेत, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मी हट्टच धरला तेव्हा त्यांनी पोरीच्या मागे उभं राहून पितळी ताट वाजवलं. पोरीनं मान वळवली. पाहिलं, म्हणाल्या, उगाच अभद्र बोलतं. दार त्यांच्या मागे होतं आणि त्यांची सावली पोरीच्या अंगावर पडली होती, ती सावली पाहून ती वळली होती. पण सुनेनं सासूला सावलीचं काय समजावून सांगायचं?

माहेर माझं बोरगावचं, वर्ध्याला लागूनच. वडिलांचं किराण्याचं दुकान. मी दहावी झालेली आणि घरात सगळ्यांत वाचाळ. गिऱ्हाईक सौद्यापेक्षा माझ्या गप्पांना जास्त येतं असं वडील म्हणायचे. दिवाळीला माहेरी गेले ती पोरीला घेऊन सरळ कानाच्या डॉक्टरकडे. त्यांनी तिच्या मागे खुळखुळे वाजवले, घंटी वाजवली, शेवटी एक लहानसा ढोल बडवला. ढोलाला ती जराशी दचकली. डॉक्टर म्हणाले, अगदीच शून्य नाही, थोडं उरलं आहे. त्या ‘थोडं उरलं आहे’वर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

त्यांनी आम्हाला एका बाईंकडे पाठवलं. लहान, न ऐकणाऱ्या मुलांना बोलायला शिकवण्याचा वर्ग त्या वर्ध्यात एका खोलीत चालवायच्या. बाई पुण्याकडच्या, सुती पातळ, कपाळाला बारीक टिकली, बोलणं अगदी पुस्तकातलं. पोर वर्षाची झाली तेव्हा त्यांनी तिला कानाचं मशीन मिळवून दिलं. आताच्यासारखं कानामागे दडणारं नव्हे. काडेपेटीहून मोठी डबी, ती छातीवर पट्ट्यांच्या पिशवीत बांधायची, तिच्यातून वायर निघून कानातल्या साच्याला जायची. साचा जरा सैल झाला की शिट्टी वाजायची. गावात बाया विचारायच्या, काव बाई, कोनतं टेशन लागते? मी सांगायची, सध्या नुसती खरखर आहे, लागलं की सांगते.

मशीन बांधून झाल्यावर बाईंनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या की खरं काम आता तुमचं आहे. मशीन फक्त आवाज आत पोचवतं. तो कशाचा, हे तिला तुम्ही सांगायचं. उठल्यापासून झोपेपर्यंत बोला. भाकर थापताना बोला, भांडी घासताना बोला. कानात ओरडू नका, आवाज डबीत शिरतो, म्हणून तिच्या छातीजवळ तोंड नेऊन बोला. आणि लवकर, कारण या वयात जे शिकायचं राहतं ते पुढे फार कष्टानं येतं.

मला हसू आलं. खरंच आलं. कारण लग्न झाल्यापासून मी त्या घरात बोलतच नव्हते.

आमच्याकडची रीत होती. सून सासऱ्यासमोर बोलत नसे. सासऱ्यांना मी मनात मामाजी म्हणायची, प्रत्यक्षात हाक मारायचा प्रश्नच नव्हता. ताट वाढलं की पाण्याचा गडवा जरा आपटून ठेवायचा, म्हणजे जेवायला या. काही विचारायचंच असलं तर आत्याबाईंना सांगायचं, त्या भिंतीकडे पाहून विचारायच्या, मामाजी भिंतीला उत्तर द्यायचे. आपलं लेकरू त्यांच्यासमोर मांडीवर घ्यायचं नाही, त्याचे लाड करायचे नाहीत. माझा नवरासुद्धा वडिलांसमोर स्वतःच्या पोरीला हात लावत नसे. मामाजी वाईट माणूस नव्हते. कधी कोणावर हात उगारला नाही, कधी शिवी दिली नाही. घरात शिरण्याआधी ते दारातूनच खाकरायचे, म्हणजे बायकांना पदर घ्यायला वेळ मिळावा. तो त्यांचा चांगुलपणा होता. पण खाकरणं ऐकू आलं की माझा आवाज घशातच राहायचा, आणि ते दिवसातून कितीदा तरी आत-बाहेर करायचे.

हे सगळं बाईंना कसं सांगावं मला कळेना. मी दोन-तीन आठवडे खोटंच सांगत राहिले की बोलते, भरपूर बोलते. पोरीत काही फरक दिसेना तेव्हा बाई एक दिवस एसटीनं वडनेरला आल्या. माजघरात सतरंजीवर बसून त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत आमचं घर पाहिलं. माझी मान खाली, पोर चुलीजवळ खेळते आहे आणि घरात भांड्यांशिवाय आवाज नाही. बाई माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, मग या घरात बायका बोलतात कधी आणि कुठे?

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी विचार केला तर बरंच निघालं. चुलीपाशी बोलतो, पण हळू. गोठ्यात बोलतो, म्हशीशी तर मोठ्यानं बोलतो. कापूस वेचताना पऱ्हाटीत बोलतो, तिथे मामाजी येत नाहीत. आणि सगळ्यांत जास्त बोलतात आत्याबाई, नातीला न्हाऊ घालताना. पाय लांब करून तिला पायांवर पालथी घालून तेल चोळताना त्या जे बोलत, नाक असं ओढते, टाळू अशी भरते, कोनाची माय, कोनाची बाय, त्याला खंडच पडायचा नाही. बाई म्हणाल्या, हेच तर हवं आहे. अडचण एवढीच की अंघोळीला मशीन काढून ठेवावं लागे, तेलाचे हात वायरला लागून चालत नसत. म्हणजे घरातलं सगळ्यांत गोड बोलणं पोरीच्या बहिऱ्या कानांवर चाललं होतं. मग बाईंनी आत्याबाईंना हात जोडून विनंती केली की हे सगळं अंघोळीनंतर, शेगडीवर ओवा टाकून धुरी देताना परत बोला. आत्याबाई म्हणाल्या, एकदा बोललेलं पुन्हा काऊन बोलू, तिले काय इसर पडतो? पण दुसऱ्या दिवसापासून बोलू लागल्या. धुरी आधी झटपट उरकायची, आता सकाळ खाऊ लागली.

बाईंनीही आपलं बरंच सोडलं. त्यांच्याजवळ चित्रांचा गठ्ठा होता, त्यात सफरचंद, आगगाडी, जहाज. पोरीनं सफरचंद पाहिलेलं नव्हतं आणि जहाज मीही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी तो गठ्ठा पिशवीत घातला आणि म्हणाल्या, तुमचा गडवा आणा, सूप आणा, ती कोंबडी आणा. चरवीत दुधाची धार पडते तिचा आवाज, सुपात ज्वारी पाखडल्याचा आवाज. आधी आवाज, मग कानाकडे बोट, मग वस्तू. माझी भाषाही त्यांनी सुधारायला घेतली नाही. घरात बोलता तेच बोला, म्हणाल्या, तिला राहायचं या घरात आहे. आणि एक युक्ती सांगितली. मूल ओठ पाहूनच समजू लागलं तर कान आळशी होतात, म्हणून अधूनमधून तोंडावर हात धरून बोलायचं. मी हाताऐवजी पदर धरायची. लग्नानंतर पदराचा माझ्या मनासारखा उपयोग झाला तो तेवढाच.

मी चोरून बोलायला शिकले. गोठ्यात, वावरात, न्हाणीच्या आडोशाला. पोरीला कडेवर घेऊन तिच्या छातीवरच्या डबीशी मी जे बोलले ते सगळं लिहिलं तर कोणी वेडीच म्हणेल. हे शेण, हा शेणाचा पोवटा, टोपल्यात टाकते, पाहा कसा वास येते. उन्हाळाभर ती माझ्याकडे नुसती पाहत होती. एकदा धुरीच्या वेळी आत्याबाईंनी ‘ये’ म्हटलं आणि तिनं पाठमोरी असताना मान वळवली. सावली नव्हती, काही नव्हतं. आत्याबाईंनी पुन्हा म्हटलं, ती पुन्हा वळली. आम्ही दोघी सासू-सुना शेगडीपाशी बसून रडलो आणि धूर डोळ्यांत गेला असं एकमेकींना सांगितलं.

पुढे शब्द आले. ते शब्द दुसऱ्या कोणाला कळले नसते. पाण्याला ‘पाई’, भाकरीला ‘बाक’, आजोबांना ‘आबाई’, आवाज जाड आणि नाकातून येणारा. मला तो आवाज आवडायचा, अजून आवडतो. तीन वर्षांची झाली तोवर ती चुलीपाशी सारखी बडबडत असायची.

आणि एक आवाज ती सगळ्यांत पक्का ओळखायची. मामाजींचं खाकरणं. त्या आवाजासरशी घर बदलायचं ना. आईचं बोलणं थांबे, पदर पुढे येई, आजी सरसावून बसे. पोरीनं ते पाहून पाहून शिकून घेतलं. दारात खाकरणं झालं की ती बोलता बोलता थांबायची आणि टॉवेल नाहीतर फ्रॉकचा घेर डोक्यावर ओढून खाली पाहायची. मामाजी पुढे गेले की आम्ही सगळे हसायचो. नवरा म्हणायचा, पाहा कशी घरंदाज आहे. मीही हसायची. तिला ऐकू येतं याचाच आनंद एवढा होता की ती काय शिकते आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

मामाजींनी मात्र त्यामुळे तिचा एकही शब्द कधी ऐकला नव्हता. त्यांना दिसायचं ते एवढंच की सून दर आठवड्याला एसटीनं वर्ध्याला जाते, पोरीच्या छातीवर डबी आहे आणि पोर मुकीची मुकी. ती चार वर्षांची होत आली तेव्हा त्यांनी भिंतीला सांगितलं, ‘बोलते म्हंता, बोलते म्हंता. मी त एक शबुद नाई आयकला. नागपूरले अशा लेकरायची शाळा हाय, राह्याची सोय हाय. तिथं ठेवू.’

ती शाळा वाईट नव्हती. पुढे तिथून शिकून कमावती झालेली मुलं मी पाहिली आहेत. पण चार वर्षांची पोर वसतिगृहात, माझ्यापासून दूर, नुकते कुठे शब्द यायला लागलेले. आणि घरात मामाजींचा शब्द शेवटचा होता. आत्याबाई भिंतीशी पुटपुटल्या की बोलते ती, खरंच बोलते. भिंतीनं ऐकलं नाही.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मुंबईकडचे एक मोठे साहेब मुलं तपासायला येणार आहेत. कोणाला गावच्या बालवाडीत घालता येईल आणि कोणाला राहत्या शाळेत पाठवावं हे ते सांगतील. त्यांनी बालवाडी म्हटलं तर तुमचे सासरे ऐकतील. तुमच्या मिस्टरांना घेऊन या.

पण नवरा त्या दिवशी कापसाची बैलबंडी घेऊन हिंगणघाटला सरकारी खरेदीच्या रांगेत अडकला होता, आणि कापसाची रांग सोडून कोणी येत नसतं. मग मामाजीच निघाले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात छत्री. एसटीत ते पुढे बसले, आम्ही मायलेकी मागे. सबंध रस्ताभर पोर डोक्यावर टॉवेल घेऊन गप्प बसली. मी तिच्याकडे पाहत होते आणि हिंगणघाट मागे पडलं तेव्हा मला पहिल्यांदा धास्ती वाटली.

खोलीत साहेब टेबलामागे. बाई बाजूला. मामाजी भिंतीजवळच्या बाकावर छत्री धरून बसले. मी पदर पुढे ओढून दाराशी उभी. साहेबांनी हसून पोरीला चेंडू दाखवला, हे काय आहे? पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं, बाकावरच्या आजोबांकडे पाहिलं, माझ्या पदराकडे पाहिलं आणि फ्रॉकचा घेर उचलून डोक्यावर घेतला. साहेबांनी पेला दाखवला, चमचा दाखवला. ती खाली पाहत राहिली. बाईंचा चेहरा उतरला. त्या मला म्हणाल्या, तुम्ही बोला तिच्याशी, घरी बोलता तसं. मी उभी. तोंड उघडलं तर जीभ हलेना. साहेबांनी बाईंकडे असं पाहिलं की या पोरीला शिकवलं तरी काय?

तेव्हा मला सगळं लख्ख समजलं. पोरीला येत नव्हतं असं नव्हतं. तिला फार चांगलं आलं होतं. पुरुषमाणूस आला की बायांनी गप्प व्हायचं, हा आमच्या घराचा पहिला धडा तिनं माझ्या तोंडाकडे पाहून घेतला होता, आणि तो ती माझ्यासारखाच पाळत होती. मला इतका राग आला की कोणाचा तेही कळेना. माझा, मामाजींचा, सगळ्या गावाचा.

बाई हुशार. त्यांच्याही ध्यानात आलं. त्या मामाजींना अदबीनं म्हणाल्या की आजोबा, आपण जरा बाहेर बसता का? मामाजी ताबडतोब उठले. त्यांनाही सुटका झाल्यासारखं वाटलं असणार. ते माझ्या अंगावरून दाराकडे निघाले, आणि माझ्या मनात आलं की हे आता बाहेर जातील, पोर बोलेल, साहेब कागदावर लिहितील, आणि यांनी मात्र तिला ऐकलेलं नसेल. आज नाही आणि कधीच नाही.

‘मामाजी, बसा,’ मी म्हणाले.

आवाज फाटका निघाला. ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, समोरच्या चौकटीकडे पाहत राहिले.

‘तुमी बाहेर गेले त ती बोलन,’ मी म्हणाले. ‘पन तुमाले ते आयकूच येनार नाई. तिले तुमच्यासमोर बोलू द्या. अन् मलेही.’

मग मामाजी परत फिरले आणि बाकावर बसले. छत्री त्यांनी आडवी मांडीवर घेतली. मी पदर मागे केला. डोक्यावरून काढला नाही, कपाळाच्या मागे नेला, एवढंच. टेबलावर पाण्याचा तांब्या होता. मी पोरीजवळ खाली बसले, तिच्या छातीवरच्या डबीजवळ तोंड नेलं, पण पाहिलं मामाजींकडे. विचारलं, ‘मामाजी, पानी देऊ?’

पोर फ्रॉकच्या घेराखालून माझं तोंड पाहत होती, मग त्यांचं तोंड पाहू लागली. शेवटी ते म्हणाले, ‘दे.’ भिंतीला नाही. मला.

मी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. पोरीनं घेर खाली सोडला. तिनं पेला दोन्ही हातांनी उचलला, निम्मं पाणी फरशीवर सांडलं, आणि आजोबांच्या गुडघ्याशी जाऊन आपल्या त्या जाड आवाजात मोठ्यानं म्हणाली, ‘आबाई, पाई घे.’ त्यांनी पेला घेतला नाही लगेच. ते तिच्याकडे नुसते पाहत राहिले, जणू कोणी अनोळखी लेकरू समोर आलं आहे. तिला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. तिनं त्यांच्या सदऱ्याच्या छातीशी तोंड नेलं, आम्ही तिच्याशी बोलतो तसं, आणि पुन्हा म्हणाली. ते पाणी प्याले. मग साहेब विचारत गेले आणि ती सांगत गेली, चेंडू, चमचा, कोंबडी, बंडी. अर्धे शब्द साहेबांना मी समजावून सांगितले. मामाजींसमोर, त्यांच्या देखत, मोठ्यानं. साहेबांनी बालवाडी लिहून दिलं.

परतीच्या एसटीत मामाजी पुढेच बसले. हिंगणघाटला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून फुटाण्याची पुडी घेतली आणि मागे न पाहता माझ्या हातात दिली. वसतिगृहाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी आत्याबाई तूर निवडत बसल्या होत्या. पोर त्यांच्याजवळ खेळत होती. मी सगळं सांगितलं, दाराशी उभी राहिले तिथपासून. त्यांनी मधे एकदाही हात थांबवला नाही. संपल्यावर विचारलं, ‘तू सोताच बोलली? त्यायनं आधी काई म्हनलं नाई?’

मी म्हटलं, ‘मीच बोलली.’

‘अन् मंग त्यायनं जवाब देल्ला?’

‘देल्ला. दे म्हनले.’

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. पोरीच्या छातीवरची डबी सरळ केली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘माहे सासरे गेले ना, तवा मी हेल काढून रडली. सुनेनं मोठ्यानंच रडा लागते. तवा पह्यल्यांदा या घरात माहा आवाज निंगाला. पन आयकाले ते कुठं होते.’

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि आम्ही दोघींनी मिळून उरलेली तूर निवडली.